गुरांचा ट्रक कुणाकडं

तालुक्याच्या पूर नियंत्रण कक्षात माझं काम एकच: फोन घ्यायचा आणि समोरच्याला योग्य खात्याचा नंबर द्यायचा. भिंतीवर तक्ता होता. धरणाचं पाणी पाटबंधारेकडे, बोट ग्रामपंचायतीकडे, रस्ता बांधकामकडे, गुरं पशुसंवर्धनकडे. तक्ता मीच सुवाच्य अक्षरात लिहिलेला. त्याचा मला अभिमान होता, आता सांगायला लाज वाटते.

त्या सकाळी कोयनेचे दरवाजे आणखी उचलल्याचा निरोप आला आणि माझं बूड खुर्चीवर ठरेना. बाकी घर आदल्या दिवशीच कुंडलला मावशीकडे गेलं होतं. नदीकाठच्या गावात उरले होते वडील, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, आणि दोन म्हशी. आमच्या देवळाच्या भिंतीवर मागच्या महापुराची रेघ रंगवलेली आहे. पाणी रेघेखाली असेतो गावात कुणी दावं सोडत नाही. रेघेला लागेतो रस्ताच उरत नाही, हे दर खेपेला कळतं, तरीही. त्यात वडिलांचा गुडघा गेलेला आणि धाकटी म्हैस दिवस भरलेली. चालत फाटा गाठणं दोघांनाही झेपणारं नव्हतं.

दहाच्या सुमारास फोन वाजला.

"साहेब, दोन म्हशी हायत. गुरांचा ट्रक कवा येनार?"

आवाज वडिलांचा. माझा मोबाईल सोडून कार्यालयाच्या फोनवर! शेजारी अधिकारी बसलेले. ओठांवर आलेलं 'आप्पा' मी गिळलं आणि पशुसंवर्धनचा नंबर दिला.

"जी साहेब," ते म्हणाले.

तासाभरानं पुन्हा तेच. "ट्रक फाट्यावर हुबा हाय. रस्त्यावर पानी घोट्याएवढंच हाय, पर रस्ता बंद केलाय म्हन्त्यात."

मी बांधकामचा नंबर दिला. दोनदा पाणी प्यायलो, तीनदा खिडकीशी गेलो. जीव थाऱ्यावर नव्हता, तरी तक्ता मोडायचं धाडस होईना.

तिसरा फोन दुपारी आला. "साहेब, तहसीलच्या चिठ्ठीबिगर बांधकामवालं रस्त्यात आडवं लावल्यालं बांबू काढत न्हाईत. फिरून तुमच्याकडंच आलो बगा."

चिठ्ठीचे कोरे नमुने माझ्याच खणात होते. कुणी मागितली तर द्यायची, असा नियम. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी नमुना भरला, शेजारच्या साहेबांची सही घेतली, चिठ्ठीचा फोटो मोबाईलवरून बांधकामला धाडला. सगळं मिळून पाच मिनिटं लागली.

मग वडिलांना फोन लावला. "आप्पा, मी बोलतोय. ट्रक निघाला."

"ठावं हाय रं, पैल्यापास्नं तूच बोलतुयास. पर आप्पा म्हनून मागितलं आसतं तर गावानं म्हनलं आसतं, पोरगा हापिसात हाय म्हनून ह्याला ट्रक आला."

ट्रक पोचला तेव्हा घोट्याचं पाणी मांडीला लागलं होतं. थोरली म्हैस चढली. धाकटी फळीवरून घसरली, बुजली आणि दावं तोडून धारेला लागली.

संध्याकाळी शाळेतल्या छावणीत वडील भेटले. तुटकं दावं हाताला गुंडाळलेलं. मी खाली बसलो आणि म्हणालो, "चुकलं माझं, आप्पा."

"न्हाई रं," ते म्हणाले. "समदी लय आदबीनं बोलली. नंबर तर समद्यांनी दिला."