माझी बोटं कोरडी नाहीत

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय.

सकाळी शेजारची सरोजाअक्का माझ्या दारात चक्कर येऊन पडली. माझ्या नातवाने स्वतः बनवून माझ्या पलंगाशी बसवलेल्या स्क्रीनवरचं, वॉचमनला बोलवायचं लाल बटण मी दाबलं. ते हिरवं झालं, टुंग वाजलं, पण वॉचमन आला नाही. शेवटी गॅलरीतून बोंब मारली, तेव्हा धावला. अक्का आता बरी आहे.

नातू म्हणतो, "आजी, तुझी बोटं कोरडी, स्क्रीनला कळत नाहीत. नीट दाबलं नसशील."

"मग तू दाब."

त्यानेही दाबलं. टुंग वाजलं, आलं कुणी नाही. मग कोड उघडून म्हणाला, "दाबल्याचा सिग्नल जातोय गं. वॉचमनला फोन लावायचं काम त्या सिग्नलला जोडायचं राहिलं, एवढंच."

"एवढंच? टुंग जोडायला बरा विसरला नाहीस!"

म्हाताऱ्यांच्या बोटांना नावं ठेवण्याआधी घरातलं असं बटण स्वतः दाबून बघा. कोण धावत आलं, ते मला सांगा.