पांढरं काही दाखवा

भूतबित, चमत्कार... असलं मी जन्मात कधी मानलं न्हाई. गावात कुणाच्या अंगात आलं की मी सरळ उठून जनावराला पाणी पाजायला जायचो. चौथी शिकलेला माणूस आहे, फोनमधी बोलून हे लिहून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या. पण सांगितल्याबिगर चैन पडंना!

मी साखऱ्याचा, तालुका सेनगाव. माझी बायको गया काविळीनं गेली. तिच्या वर्षश्राद्धाला टीव्हीवर तिचा व्हिडिओ लावायचा होता. हलती-बोलती गया एकाच जागी सापडली — धाकट्या पोरीच्या लग्नाच्या शूटिंगमधी. पण मांडवाचं कापड पिवळं, म्हणून तिचं तोंडबी पिवळंजर्द! दवाखान्यात शेवटी होतं तसंच. ते तोंड मला पाहायचं नव्हतं, आन् कुणाला दाखवायचंबी नव्हतं.

सेनगावात स्टँडजवळ रफीकचा व्हिडिओचा स्टुडिओ आहे. भरदुपारी जाऊन बसलो. त्याचा कंप्युटर तर... जरा चालला की अडकला!

"रफीक, हे काहून थांबून राहिलं?"

"काका, रॅम कमी हाय. तुमच्यावाणी याचंबी वय झालं."

"मी स्टँडवरून चालत आलो लेका. हे बसल्या जागी दमलं!"

तो हसला. मग त्यानं व्हिडिओची हलकी कॉपी बनवली, तवा कुठं गाडी पुढं सरकली. पण पिवळा रंग कमी केला की गया निळी पडायची, वाढवला की पुन्हा कावीळ.

"काका, चित्रात एक खरी पांढरी चीज पाहिजे," रफीक म्हणाला. "तिच्यावर क्लिक केलं की कंप्युटरला बराबर समजतं, पिवळं किती काढायचं."

आमी कोपरा न् कोपरा पाहिला. बायांची बैठक, गड्याची एक पांढरी टोपी न्हाई. लाल लुगडी, तांबडं जाजम... पांढरं काहीच न्हाई!

तेवढ्यात कंप्युटर हँग. रफीकनं बंद करून चालू केला, तेच काम पुन्हा उघडलं — आन् गयाच्या मांडीला खेटून शेळीचं पिल्लू! मांडवाखाली पिवळट दिसत होतं तरी अंगानं पांढरंच, एक कान काळा, तिचा पदर चघळून राहिलं!

"काका... हे मघाशी होतं?"

"न्हाई रे!" मी उभाच राहिलो.

पिल्लू मी वळखलं. माझ्याच गोठ्यातलं, गयाच्या शेळीचं. ते जन्मलं तवा गया जाऊन कैक महिने झाले होते! अन् लग्न तर त्याच्याबी किती आधीचं!

रफीकनं माऊस पिल्लावर नेला. "क्लिक करू?"

"कर की! काहून वाट पाहतो?"

त्यानं क्लिक केलं. अन् गया... सावळी, कपाळावर लालभडक कुंकू. माझी गया! मी स्क्रीनलाच हात लावला.

लगेच पेनड्राइव्हमधला मूळ व्हिडिओ लावला. पिल्लू न्हाई. तयार झालेल्या व्हिडिओतबी न्हाई. रंग तेवढा राहिला. रफीक म्हणतो, हँग झाल्यावर दुसरी फाईल मिसळली असंल. पण त्या पिल्लाचा फोटो कुणी कधी काढलाच न्हाई, तर मिसळलं कुठून? कुणाला ठाऊक असंल तर सांगा.

वर्षश्राद्धाला व्हिडिओ लागला. धाकटी पोरगी उठून टीव्हीपाशी गेली, लई वेळ पाहत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "माय बरी झाल्यावाणी दिसून राहिली."