पूर्ण आलेलं चित्र

बंद पडलेल्या मशीनची मला कधी भीती वाटली नाही. ती बिचारी निदान बोंब मारते. मला धास्ती वाटते ती गुपचूप, कुरकुर न करता चालणाऱ्या मशीनची, आणि त्याला कारण आहे.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं मी नाशिकला एका छोट्या कॉम्प्युटर कंपनीत होते. कंपनी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आमचे सर, मी आणि सतत गरम होणारा एक प्रिंटर. आमचं मोठं काम द्राक्षाच्या गावांमधलं होतं. खत-औषधांच्या दुकानांत आम्ही जुने कॉम्प्युटर बसवायचो, त्यावर लिनक्स ही फुकटात मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि त्यात आमची एक सर्व्हिस. ती रोज सकाळी आपणहून फोन लावायची, उपग्रहाने काढलेलं ढगांचं चित्र उतरवून घ्यायची आणि तारखेसह छापायची. दुकानदार तो कागद शटरवर चिकटवायचे. बागायतदार सकाळी तो बघून जायचे, जाता जाता औषधाची बाटलीही न्यायचे. सगळे खूश होते.

सुरुवातीला प्रत्येक दुकानात जाऊन मला अर्धा अर्धा दिवस सगळं हाताने बसवावं लागे. मग सरांनी त्याचं एक पॅकेज बांधलं. सीडी घातली, एक ओळ टाइप केली, की झालं. ते पॅकेज मशीनवर स्वतःसाठी एक वेगळा युजर तयार करायचं. त्या युजरला पासवर्ड नव्हता, कुणी त्याच्या नावाने आत शिरू शकत नव्हतं. तो फक्त मशीन सुरू झालं की जागा व्हायचा आणि कामाला लागायचा. दुकानदाराला त्याचा पत्ताही नसायचा. मला तो माळ्यावर राहणाऱ्या, कधी न दिसणाऱ्या भाडेकरूसारखा वाटायचा. सर मात्र हरखून गेले होते. "आता या डब्याकडे कुणी ढुंकूनसुद्धा बघायची गरज नाही," ते म्हणाले. मला ते वाक्य तेव्हाही आवडलं नव्हतं.

तक्रारी एकाच गोष्टीच्या यायच्या. चित्र वरून खाली असं ओळी-ओळींनी उतरायचं, आणि गावातली फोनची लाइन मध्येच तुटली की खालचा भाग पांढराफटक राहायचा. कळवण, सटाणा, चांदवड, सगळीकडून फोन यायचे. "मॅडम, निम्मंच आलं." सर वैतागले. त्यांनी पॅकेजची नवी आवृत्ती काढली. लाइन तुटली तर उतरलेला भाग जपून ठेवायचा, लाइन आली की तिथून पुढचा घ्यायचा, आणि चित्र पूर्ण झाल्याशिवाय छापायचंच नाही. मी गावोगाव जाऊन ती बसवून आले.

त्यानंतर तक्रारी थांबल्या, अगदी चिडीचूप झालं. ऑफिसातला फोन दुपारभर नुसता बसून असायचा आणि मीच त्याच्याकडे बघत बसायचे. लाइनी तर पूर्वीइतक्याच रद्दड होत्या, मग एकही चित्र बिघडत कसं नव्हतं? मी सरांना तसं म्हटलंही. ते हसले. "तुझं काय आहे ना, चांगलं चाललेलं तुला बघवत नाही." असेल तसंही, म्हणून मी गप्प बसले.

माझी मावशी चांदवडजवळच्या एका खेड्यात राहायची. काका एसटीत कंडक्टर, घरी कमी आणि गाडीत जास्त. द्राक्षाची बाग मावशीची. छाटणीपासून फवारणीपर्यंत सगळं तीच बघायची, आणि बागेत कुणी मोठ्याने बोललेलंही तिला खपायचं नाही. त्या वर्षी माल असा लागला होता की मांडवाखाली वाकून चालावं लागे. गोडी भरायला मोजके दिवस हवे होते. पेठकडच्या मजुरांची टोळी गावात आलेली होती. आज काढणी केली तर माल हाती लागणार होता, पण थोडा आंबट. थांबावं तर टोळी दुसऱ्याच्या बागेत जाणार आणि मग तिथलं उरकल्यावरच परत येणार. मधल्या दिवसांत पाऊस आला तर वर्ष गेलं. मावशीने फोनवर मला सांगितलं होतं, "तुझा तो ढगवाला कागद बघते आन् मगच ठरवते."

त्या दिवशी मी चांदवडला गेले ते दुकानातला प्रिंटर कागद गिळत होता म्हणून. फाल्गुन चालू होता. बसमधून उतरले तर उकाडा विचित्र होता, घाम येत होता आणि वाळत नव्हता. शटरवर सकाळचा कागद लागलेला. वरचा अर्धा भाग काळाभोर, म्हणजे आभाळ स्वच्छ. खाली पुण्याच्या बाजूला मात्र पांढऱ्या ढगाचा एक जाड पट्टा होता, आणि त्याची वरची कड सरळ होती. पट्टी धरून कापल्यासारखी सरळ.

ढग असा कापलेला नसतो.

"काल चित्र आलं होतं का?" मी दुकानदाराला विचारलं.

"काल लाइनच नव्हती ताई. सकाळी निम्मं आलं आन् डेड झाली, ती दिवसभर. आज आली तसा लगेच कागद निघाला. पूर्ण आलंय की!"

पूर्ण आलं होतं, तेच वाईट होतं. कालचा अर्धा भाग मशीनवर तसाच पडून होता. रोजच्या फाइलचं नाव एकच. आज सर्व्हिसने तीच फाइल उघडली आणि आजच्या चित्राचा फक्त खालचा अर्धा भाग आणून तिला जोडला. वर कालचं आभाळ, खाली आजचं, आणि कागदावर तारीख आजची. नाशिक, चांदवड, सटाणा सगळं वरच्या भागात. मशीनच्या नोंदीत लिहिलं होतं, सर्व्हिस चालू, काम पूर्ण.

मी जुनी फाइल उडवली आणि चित्र पहिल्यापासून उतरवायला लावलं. लाइन रांगत होती. मी फाइल पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. पहिल्याच ओळींपासून पांढरं, नुसते ढग. मग गुजरात पांढरा. मग डांगचं जंगल पांढरं. दुकानदार माझ्या मागे उभा राहून म्हणाला, "प्रिंटरवानी हेही बिघडलं का काय?" पांढरं हळूहळू खाली सरकत बागलाणावर आलं, आणि मग चांदवडवर.

मावशीच्या घरी फोन लावला. नुसती रिंग गेली. दुकानदाराने मला स्कूटरवर बसवलं. वाटेत वारा एकदम पडला आणि पश्चिमेची बाजू काळवंडून आली.

मावशी बागेत एकटी होती.

"टोळी कुठंय?"

"दिली लावून शेजारच्याकडं. सकाळी कागद बघितला ना मी. लख्ख व्हता. मला उकडत व्हतं लय, पण म्हटलं आपल्यापेक्षा त्याला जास्त दिसतं." मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं गं?"

सांगत बसायला वेळ नव्हता. मी क्रेट ओढले, दुकानदाराने कात्री घेतली, मावशीने वस्तीवरच्या दोघी-तिघी बायका हाका मारून बोलावल्या. पहिले क्रेट भरेपर्यंत टपोरे थेंब पडले. मग पत्र्यावर खडा आपटल्यासारखा आवाज झाला, आणि मग आवाज थांबेचना. आम्ही पंपाच्या खोलीत उभे राहिलो. मावशी दारातून बघत होती. मी तिला आत ओढलं तरी ती पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.

थांबल्यावर मांडवाखाली गारा आणि मणी एकत्र पडले होते. वेलींवर जे घड उरले होते त्यांचे मणी तडकलेले, रस गळत होता, आणि सगळीकडे गोड वास सुटला होता. मला रडू आलं. त्याहून जास्त राग आला, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना.

"त्या मशीनला म्हाईतच नव्हतं का?" मावशीने विचारलं.

"वरचं आभाळ कालचं होतं मावशी. कालचं आणि आजचं त्याने जोडून दिलं."

तिने कात्री उचलली. मग म्हणाली, "मंग निम्मंच द्यायचं व्हतं ना मला. निम्मा कागद कोरा असता तर मी वर बघितलं असतं."

तिने एक तडकलेला घड कापला. मला वाटलं फेकून देईल. पण तिने तो क्रेटमध्ये ठेवला, चांगला घड ठेवतात तसा, देठ वर करून, आणि दुसरा कापायला वाकली.