हजेरीच्या सह्या

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात माझी शाळेपासूनची मैत्रीण राहते. तिचे वडील तांडेल होते, स्वतःची होडी स्वतः चालवणारे. मी जोगेश्वरीची, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी धरलेल्या कोकणी माणसाची मुलगी. सुट्टीत मी मैत्रिणीकडेच पडीक असायची. काका मला ‘बाय’ म्हणायचे आणि काटेरी मासा असला की माझ्या ताटातले काटे आधी काढून द्यायचे.

पुढे मी एका संस्थेत कंत्राटी कामाला लागले. किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांनी मिळून समुद्रात राखीव क्षेत्रं ठरवायची होती, सुटी सुटी नाही तर एकमेकांशी जोडलेली. एका जागी घातलेल्या अंड्यांतली पिल्लं दुसरीकडे जाऊन वाढतात. माशाला जिल्ह्याची हद्द कळत नाही, म्हणून सगळ्यांसाठी एकच समिती आणि एकच नियम. मला ही गोष्ट मनापासून पटली होती. आजही पटते.

माझं काम होतं मच्छिमारांकडून माहिती गोळा करायचं. मासळी अंडी घालायला नेमकी कुठे येते, हे पुस्तकात सापडत नव्हतं. मी सरळ काकांकडे गेले. त्यांनी आणखी सहा-सात जुन्या तांडेलांना घरी बोलावलं. ओटीवर नकाशा पसरला. कडा वाऱ्यानं उडत होत्या, म्हणून मैत्रिणीनं कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या.

काका नकाशावर वाकले.

“हे कशाला पायजे तुला, बाय?”

“ती जागा राखायची म्हणून, काका. ट्रॉलरवाले सगळं खरवडून नेतात ना, ते थांबेल.”

“आमचं काय?”

“छोट्या होड्यांना परवानगी राहणार. तसंच ठरतंय.”

तेव्हा मसुद्यात खरंच तसं होतं. काकांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली. मढचा डोंगर कुठल्या देवळाच्या रेषेत आला की खाली चिखल लागतो, किती वाव खोल पाणी असतं, मासळी कुठल्या महिन्यात येते, सगळं सांगितलं. त्यांच्या आज्यानं त्यांना दाखवलेली जागा होती ती. “दोन महिने आमालापन बंद ठेवा,” ते म्हणाले, “पन फक्त दोन. बाकीचं वरीस आमी तिथंच जगतो.” मी तेही लिहून घेतलं. निघताना सगळ्यांच्या हजेरीच्या कागदावर सह्या घेतल्या.

समितीच्या बैठका वर्षभर चालल्या. प्रत्येक जिल्हा म्हणे, आधी दुसऱ्यानं सोडावं. शेवटी तोड निघाली की प्रत्येकानं एकेक जागा पूर्ण बंद करून द्यायची. आमच्या जिल्ह्यातल्या बाकीच्या जागांची मोजणी अजून अर्धवट होती. काकांनी दाखवलेली जागा मात्र नकाशावर चोख आखलेली होती. तीच निवडली गेली. बारा महिने बंद, सगळ्यांना बंद.

मला हे कळलं अहवालाचं मराठी भाषांतर तपासताना. मागच्या जोडपत्रात आमचा हजेरीचा कागद होता आणि वर छापलं होतं, ‘स्थानिक मच्छिमारांची सहमती’. काकांची सही पहिली होती.

मी साहेबांकडे गेले. “ही फक्त हजेरी आहे, सर. त्यांनी दोन महिने म्हटलं होतं.”

“चर्चेला बसले म्हणजे सहभाग झालाच ना,” ते म्हणाले. “आता एक शब्द हलवला तर चार जिल्हे पुन्हा भांडायला बसतील.”

मी माझ्या खुर्चीवर येऊन बसले आणि उरलेली पानं तपासली. संध्याकाळी अहवाल पुढे गेला. हे लिहायला मला आजही जड जातं. मी भांडले, पण तीन आठवड्यांनी, लेखी हरकत देऊन. तोवर आदेश निघाला होता. हरकतीवर ‘नोंद घेतली’ असा शिक्का आला. माझं कंत्राट पुढे वाढवलं नाही, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

कोळीवाड्यात मी स्वतः जाऊन सांगितलं. मैत्रीण ओरडली, “तुझ्या भरवशावर सांगितलं ना गं त्यांनी? कुणाला दाखवत नव्हते ती जागा.” काकांनी हातानं तिला थांबवलं.

“तिनं इचारलं, मी सांगितलं,” ते म्हणाले. “खोटं सांगायला पायजे होतं का?”

ते मला विचारत होते की स्वतःला, कळलं नाही.

त्यानंतर काका दोन-तीनदा लांबच्या पाण्यात गेले. त्यांची होडी तेवढ्या लांबची नव्हती, आणि त्यांचं वयही नव्हतं. मग होडी वाळूवर ओढून ठेवली ती तशीच राहिली. बंद जागेच्या कडेला ट्रॉलर येतच होते. एवढ्या किनाऱ्याला गस्तीची बोट एकच होती, ती दिसायची कधीतरी. काका ओटीवर बसून मैत्रिणीला सुकट निवडायला मदत करायचे. मी गेले की “बस, बाय” म्हणायचे, पण समुद्राचा विषय निघाला की उठून आत जायचे. दुसऱ्या वर्षी ते गेले. डॉक्टर म्हणाले हृदय. मला कुणी काही म्हणालं नाही.

बाराव्याला मी मागच्या दारी भांडी घासत होते. मैत्रीण शेजारी येऊन बसली.

“येत जा,” ती म्हणाली. “पण बाबांचं काही बोलू नको माझ्याशी. माफीही मागू नको.”

मी जाते अधूनमधून. ती चहा करते. आम्ही मुलांच्या शाळेचं बोलतो, पाणी किती वेळ येतं ते बोलतो. मग ती घड्याळाकडे बघते आणि मी निघते.