चुन्यातली ब्लूबेरी

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींना गिलावा केला. त्यांच्या हातची भिंत म्हणजे नुसता तळवा फिरवावा आणि गप्प बसावं! अशा माणसाला दोन टीचभर झुडपांनी रडकुंडीला आणावं, हे त्यांच्या काही केल्या पचनी पडत नव्हतं.

झालं असं. मिस्त्रींची बायको इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या सिस्टरने तिला आपल्या बागेतल्या मूठभर ब्लूबेरी खायला दिल्या. घरी येऊन बाई खुर्चीत पाय पसरून बसली आणि म्हणाली, "अहो, अशी झाडं आपल्याकडे लावाल का?"

उभ्या संसारात तिने नवऱ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. दागिना नाही, सहल नाही, साधी छत्री नाही. मिस्त्रींना गलबलून आलं. दुसऱ्याच दिवशी ते रोपवाटिकेत जाऊन दोन रोपं घेऊन आले. रॅबिटआय, म्हणजे ‘सशाचा डोळा’ नावाच्या जातीची, पण दोन वेगळ्या वाणांची, कारण यातलं एकटं झुडूप नीट फळत नाही. रोपवाटिकेच्या बाई मातीबद्दल आणखी काही सांगत होत्या. "ताई, आमचा जन्म मातीत गेलाय," असं म्हणून मिस्त्री निघालेसुद्धा.

बागेत एकच जागा मोकळी होती, नळाजवळची. ती मोकळी का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. कामावरून आले की घमेली आणि थाप्या ते तिथेच धूत. तिथे गवतही उगवत नसे, त्यामुळे खणायला आयतीच सोय.

वर्षभरात पानं पिवळी पडली. फक्त शिरा तेवढ्या हिरव्या. आता मिस्त्रींकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. भिंतीला बुरशी आली, चुना. मुंग्या झाल्या, चुना. त्यांनी मायेने दोन्ही झुडपांभोवती चुना टाकला, वर चुलीतली राख भुरभुरली. झुडपं आणखी पिवळी झाली.

 बायको चहाचा कप घेऊन रोज सकाळी झुडपांपाशी उभी राहायची आणि आत यायची. मग एके दिवशी ती गेलीच नाही. चहा स्वयंपाकघरातच प्यायली. ते मात्र मिस्त्रींच्या फार जिव्हारी लागलं.

नाक मुठीत धरून, एक पिवळं पान खुडून घेऊन ते रोपवाटिकेत गेले. बाईंनी पिवळं पान पाहिलं आणि मग मिस्त्रींची नखं पाहिली.

"काका, काम काय करता तुम्ही?"

"गिलावा."

"आणि हत्यारं कुठे धुता?"

"नळाजवळ. झाडं लावलीत तिथेच."

"या झाडाला आंबट माती लागते हो. तुम्ही त्याला चाळीस वर्षांच्या चुन्यात उभं केलंत. वरून आणखी नाही ना काही घातलंत?"

"जरासा... चुनाच."

बाई इतक्या हसल्या की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

घरी येऊन मिस्त्रींनी सगळं खरं सांगून टाकलं. "वा! साऱ्या जगाच्या भिंती झाल्या, शेवटी मलाही चुना लावलात!" म्हणत बायको डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मिस्त्रींच्या छातीवरचा धोंडा उतरला.

मग त्यांनी एक पिंप अर्धं कापलं. दोन्ही अर्ध्यांच्या तळाला भोकं पाडली, पाइनच्या साली आणि आंबट माती भरली आणि झुडपं बागेच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन त्यांत लावली. पाणी घालायचं ते साठवलेलं पावसाचं. पहिल्या वर्षी आलेली फुलं झाडाला जोर यावा म्हणून खुडायची होती. मिस्त्रींनी ती एकेक मोजत, हळहळत खुडली. पुढच्या वर्षी मात्र पांढऱ्या फुलांवर मधमाश्यांची झुंबड उडाली. हिरवे मणी धरले, सशाच्या डोळ्यासारखे गुलाबी झाले आणि एका सकाळी पाच-सहा फळं निळी दिसली.

मिस्त्रींनी पहिलं फळ बायकोच्या तळहातावर ठेवलं. तिने ते खाल्लं. तिचा एक डोळा आपोआप मिटला.

"छान आहे हो," ती म्हणाली.

मिस्त्रींनी एक तोंडात टाकलं आणि त्यांचे कान झिणझिणले. त्यांनी तिथूनच रोपवाटिकेत फोन लावला. "निळं झालं म्हणजे पिकलं असं नाही काका," बाई म्हणाल्या. "आठ-दहा दिवस दम धरा."

मिस्त्रींनी दम धरला. पक्ष्यांसाठी जाळी बांधली आणि शेजारी स्टूल टाकून राखण केली. दहाव्या दिवशी लेकीला आणि जावयाला बोलावणं धाडलं, चांगला वाडगा घासूनपुसून घेतला आणि सकाळी ऐटीत बागेत गेले.

जाळीच्या आत बायको उभी. ओठ निळे, बोटं निळी. पुढच्या फांद्या साफ.

"अगं, लेक येतेय! तिच्यासाठी तरी ठेवायचीस थोडी!"

"तिची ती लावेल," बायको भरल्या तोंडाने म्हणाली.

मिस्त्री रिकामा वाडगा घेऊन बघत राहिले. या घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरेल ते ती खायची. हे चाळीस वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि त्यांना दिसलं ते आज. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला.

त्यांनी वाडगा स्टुलावर ठेवला, जाळी वर करून आत शिरले आणि तिचा हात पोचत नव्हता ती उंच फांदी खाली वाकवून धरली.

"या जास्त पिकल्यात बघ," ते म्हणाले.

तिने त्याही संपवल्या.