चुलतभावापेक्षा जाड पाइप

तुम्हाला वाटेल, नवा सायलेन्सर लावून माझी पिकअप उडाली असेल. थांबा जरा.

चुलतभावाने त्याच्या पिकअपला नवा सायलेन्सर बसवला आणि नागावातली पोरं मी काढतो त्या आवाजांच्या नकला सोडून त्याच्या गाडीचा आवाज ऐकायला जमली. माझा जळून कोळसा झाला. मी आमच्या छोट्या सीएनजी पिकअपला त्याच्याहून दुप्पट जाड पाइप लावला. रिकामी गाडी काय गरजली! पण पालीच्या देवळापुढच्या दुकानांसाठी नारळ भरून निघालो, तर खिंडीच्या चढावर ओढच न्हाय.

मेकॅनिक फोनवर म्हणाला, "पाइप इंजिनाच्या मापाचा लागतो रे. फार रुंद झाला की धूर रेंगाळतो, कमी स्पीडला जोर जातो."

शेवटी चुलतभावाला बोलावलं आणि अर्धे नारळ त्याच्याच गाडीत चढवले. घरी बाबा कडाडले, "आवाज काढायला तू हायस की घरात! गाडीला कशाला शिकवलंस?"