किटलीची सावली

माझ्या मेहुण्याला आमच्या घरात सगळे पाहुणा म्हणतात. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे तसा घरातलाच माणूस, पण येणार तो न कळवता, खांद्याला तीच खाकी पिशवी, दाढीचे खुंट वाढलेले, आणि चपला काढता काढता म्हणणार, "ताई, जरा पडतो." मग असा झोपायचा की आमची मुलं लहानपणी त्याच्या नाकापुढे कागदाचा कपटा धरून बघायची, हलतोय का. उठला की चहा, चहा झाला की पुढच्या गाडीची वेळ. त्यातून एखादी दुपार उरलीच, तर ताईचं चित्र.

त्या चित्राचं सांगायचं आहे. पण आधी सायकलीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पाहुणा चित्रकला शिकत होता तेव्हा आमच्याकडेच राहायचा. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या अंगाला. माझ्या ग्रीसच्या चिंध्या त्याच्या कुंचल्यांना आणि त्याचं टर्पेंटाइन माझ्या बेअरिंगांना, असा आमचा संसार चालायचा, आणि दोघांच्या वासानं ही वैतागलेली असायची. एकदा त्यानं दुकानाची पाटी रंगवून दिली. पाटीवर एक हिरवी सायकल आणि मागच्या भिंतीवर तिची सावली. सायकल बरी होती, पण सावली काय सांगू! चाकाच्या तारा न् तारा भिंतीवर सांडल्यासारख्या. एक गिऱ्हाईक येऊन म्हणालं, ती वर टांगलेली हिरवी उतरवून दाखवा. मी म्हटलं, ती विकायची नाही, मेहुण्याची आहे. आठवडाभर ही गोष्ट मी येईल त्याला सांगत होतो, आणि आता इतक्या वर्षांनी तुम्हालाही सांगतोय.

पुढे त्याला नोकरी लागली. गावोगावच्या शाळांत जायचं, तिथल्या चित्रकलेच्या शिक्षकांना कसं शिकवायचं ते शिकवायचं. जायच्या आदल्या दिवशी ही खिडकीपाशी खुर्चीत बसून त्याच्या शर्टाला बटण लावत होती. तो समोर बसला आणि चित्रच काढायला लागला. खुर्ची झाली, खिडकी झाली, हात झाले, सुईतला दोराही झाला. तोंडाच्या नुसत्या रेघा झाल्या; ते भरायचं आणि मागच्या भिंतीवरची सावली तेवढी राहिली. म्हणाला, ताई, पहिल्या सुट्टीत पूर्ण करतो.

पहिली सुट्टी आली तेव्हा हिला मुलगी झालेली. झोप नाही, डोळ्यांखाली काळं. पाहुण्यानं आधी काढलेल्या तोंडाच्या रेघा बघितल्या, हिच्याकडे बघितलं, आणि बोथट सुरीनं सगळं खरवडून टाकलं. ताई, तुझा चेहरा बदलला, म्हणे. नवीन काढायला घेतलं, निम्म्यावर आलं आणि गाडीची वेळ झाली. त्यानंतर हेच. तो यायचा, बघायचा, खरवडायचा. हिनं एकदा विचारलं, माझं तोंड म्हणजे काय करपलेलं पातेलं आहे? आणि तो खरंच मनाला लावून घेऊन म्हणाला, खोटं काढू का मग? चित्र पुन्हा कपाटामागे.

आता किटलीचं. सुरुवातीला तो शाळांतून पूर्ण चित्र काढून दाखवायचा, आणि समोरची मंडळी ते जसंच्या तसं उतरवून मोकळी. म्हणून त्यानं एक पद्धत काढली. एक निळी किटली पिशवीतून न्यायची, दर वेळी तीच, टवका उडालेल्या दांड्याची. स्टुलावर ठेवायची, खिडकी डाव्या हाताला घ्यायची, सगळ्यांदेखत किटली रंगवायची आणि सावलीपाशी कुंचला खाली ठेवायचा. "सावली तुम्ही घाला," एवढंच म्हणायचं. चित्र तिथंच राहायचं, वर्गातलं कुणीतरी सावली घालायचं, पाहुणा पुढच्या गावाला.

ही पद्धत इतकी गाजली की त्याला परदेशातून बोलावणी यायला लागली. विमानतळावर एका अधिकाऱ्यानं किटलीचं झाकण उघडलं तर आत कुंचले. त्यानं विचारलं, चहा कशात करता? हा म्हणाला, मी चहा लोकांच्या घरी पितो. एका गावात तर स्टेशनवर किटली हातात घेऊन उभा होता आणि गाडीतून एका बाईनं दोन कप चहा मागितला. दोन्ही गोष्टी त्यानं मला एका सुरात सांगितल्या, जांभई देत देत; हसलो मी एकटा.

कारण तो दमत चालला होता. ते आम्हाला दिसायचं, त्याला नाही. कुठं वसतिगृहातली रिकामी खाट, कुठं शाळेच्या आजारी मुलांच्या खोलीत मुक्काम, जिथं उशाला डोळे तपासायचा तक्ता. कुठं लॉजमधली खोली, जिचा दरवाजा खुर्ची लावल्याशिवाय बंद राहत नाही. सांगायचा, भावजी, जाग आली की मी आधी छत बघतो, आणि कुठल्या गावात आहे ते आठवेपर्यंत तसाच पडून राहतो. हल्ली फार वेळ पडून राहावं लागतं. लग्नाचं राहून गेलं. स्वतःची चित्रं राहून गेली. विचारलं की म्हणायचा, एवढा दौरा झाला की बसतो निवांत.

अशात हिचे डोळे बिघडले. एक गेलाच. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, आतला पडदा झिजत चाललाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, आहे तोवर वापरा. माझ्या मुलीनं मामाला फोन केला. तो आला, हिच्यासमोर बसला, बराच वेळ बघत राहिला. या वेळी न खरवडता संपवेल असं मला वाटलं. पण नाही. सुरी घेतली, सगळं खरवडलं आणि संध्याकाळपर्यंत जपून जपून नवं तोंड काढलं. खरं सांगतो, चांगलं झालं होतं. नुसती सावली राहिली. ती तेवढी घाल म्हटलं, तर म्हणाला, ओल्यावर नको, पुढच्या वेळी. पण तो गेल्यावर तिनं ते चित्र कपाटामागे ठेवू दिलं नाही. रोज सकाळी त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहायची. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, किती दिसतंय ते.

तो पुन्हा आला तो थेट निवृत्त झाल्यावर. म्हणजे आम्हीच गेलो, त्याच्या सत्काराला. त्याच्या शिष्यांनी एक गंमत केली होती. गावोगावच्या शाळांना विचारून त्याची किटलीची चित्रं मागवली होती आणि एका लांबलचक दालनात ओळीनं लावली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी किटली. हिनं माझा हात धरला आणि एकेका चित्राला नाक लावत पुढे सरकायला लागली. मागून पाहुणा.

किटल्या सगळ्या एकसारख्या. टवकासुद्धा केसाएवढा इकडचा तिकडे नाही. पण सावल्या! एकीची लांब होत स्टुलाखाली उतरलेली, एकीची चुकून खिडकीच्याच बाजूला पडलेली. कुणी सावलीतून वाफ काढली होती, कुणी तिला मांजराचे कान लावले होते. एका शाळेनं सावली घातलीच नव्हती, आणि ती किटली हवेत तरंगल्यासारखी दिसत होती.

ही म्हणाली, "किटली एकच आहे रे सगळीकडे. बघायच्या त्या सावल्याच."

टोमणा नव्हता तो. पण पाहुणा तिथल्या बाकावर बसला तो भाषणं सुरू होईपर्यंत उठला नाही. माइक कुईकुई करत होता. त्याच्या खात्याच्या साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं आणि जाहीर केलं की सर थांबणार नाहीत, आणखी दोन वर्षं बाहेरच्या देशात जाणार आहेत. टाळ्या पडल्या. पाहुण्यानं मान हलवली. मी शपथेवर सांगेन, त्याला विचारलंच नव्हतं कुणी. मान हलवायची सवय, म्हणून हलली.

बसमध्ये ही खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर तो नेहमीसारखा म्हणाला, ताई, जरा पडतो. ही म्हणाली, आधी इकडे ये. खिडकीपाशी तीच खुर्ची, समोर चित्र.

"या वेळी तोंड खरवडलंस तर मी बसणार नाही," ती म्हणाली. "ते आता माझ्यासारखं नसेना का. मला दिसतंय तोवर संपव, आणि मग जा कुठं जायचं तिकडे."

तो पडला नाही. कुंचले काढले, रंग कालवला, आणि थांबला. लावला, पुसला. पुन्हा लावला. मला वाटलं, रंग जुना असेल. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "भावजी, मला सावली येत नाही हो."

इतक्या वर्षांत घातलीच नव्हती ना एकदाही! दुसऱ्यांकडून घालून घेतली. मला हसू आलं आणि मग ते गिळावं लागलं, कारण माणूस कुंचला धरून तसाच उभा होता, खांदे पडलेले, आणि गाडीची वेळ वगैरे काही सुचत नसलेला.

मग मला पाटी आठवली. दुकान बंद केलं तेव्हा ती मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून टाकली होती. मी आणि नातवानं उतरवली, धुतली. सायकलीचा रंग उडून गेला होता, हिरवं नावाला. सावली मात्र जागच्या जागी. पाहुणा पाटीसमोर जमिनीवर बसला आणि आपल्याच हातचं ते काम कितीतरी वेळ बघत राहिला. बोटानं एकेक तार गिरवली. मग साहेबांना फोन लावला. मला वाटलं, तब्येतीचं काहीतरी सांगेल. तो म्हणाला, "मी दमलोय. मी येत नाही." पलीकडून काहीतरी बरंच बोलणं झालं. यानं पुन्हा तेच सांगितलं आणि फोन ठेवला.

सावलीला पुढचा सगळा आठवडा लागला. रोज ठरल्या वेळेला उन्हाची तिरीप यायची, ही बसायची, तो थोडं घालायचा, थोडं पुसायचा. मध्येच दोघं बसल्या जागी पेंगायची आणि मी एकटाच बोलत राहायचो.

झालं तेव्हा त्यानं चित्र समोरच्या भिंतीला टेकवलं. ही खुर्चीतूनच बघत होती. एवढ्या अंतरावरून तिला तोंड दिसत नव्हतं, बटण नाही, सुईदोरा नाही. भिंतीवरचा काळा आकार तेवढा दिसत होता.

"इतकी वाकलेय मी?" ती म्हणाली.

"वाकलीयेस," पाहुणा म्हणाला.

"तोंड कधीचं आहे?"

"मागच्या वेळचं. तसंच ठेवलं."

ती बघत राहिली. मग म्हणाली, बरं, आता जरा पड. तो आत जाऊन पडला. किटली टेबलावर होती, तिच्यातले कुंचले काढून मी ती दोन पाण्यानं धुतली. पण टर्पेंटाइनचा वास काही जाईना, म्हणून चहा आपला पातेल्यातच टाकला.